मामांचा डोळा आणि दोन वर्षांचा करार

उसाचं पाचट काढताना मामांच्या उजव्या डोळ्याला पात चाटून गेली. दिवसभर त्यांनी डोळा चोळला आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या मेडिकलमधून ड्रॉप आणला. ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं आणि डोळ्यात शिरली होती बुरशी. बुरशीला स्टेरॉइड म्हणजे आयतं खत. पुढं जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं आणि कडेकडून लाल शिरा सरकत त्या फुलापर्यंत आल्या. दीड वर्षानं यादीत नाव लागलं. कुणा अनोळखी माणसाचं बुबुळ मामांच्या डोळ्यात शिवलं गेलं आणि मामा पुन्हा स्वतःचा सातबारा स्वतः वाचायला लागले. (बुबुळ म्हणजे इथं कॉर्निया, डोळ्यावरची घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती. अख्खा डोळा कुणी कुणाला बसवत नाही, हे अजूनही दर वर्षी सांगावं लागतं.)

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत होतो. डॉक्टरांनी बघून झाल्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली. कशासाठी काय करणार आहे हे तिनं मराठीत नीट समजावून सांगितलं, सही घेतली. मग मामांच्या खालच्या पापणीत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी भिजली तशी चिमट्यानं उचलून बोटाएवढ्या नळीत टाकली, नळीवर नंबर घातला, नळी बर्फात ठेवली. "काका, सहा महिन्यांनी परत या हं. शरीर हे बुबुळ नाकारायला लागलं, तर डोळा लाल व्हायच्या आधीच अश्रूंत काही कळतं का, ते मी बघतेय." तिनं मामांच्या कार्डावर तारीख लिहून दिली. मामांना ती पोरगी फार आवडली. डोळ्यातलं पाणी जपून ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, असं ते गावात सांगत फिरले.

सहा महिन्यांनी आम्ही गेलो. ती नव्हती. तिचा करार संपला होता. प्रकल्पाची मुदतवाढ दिल्लीतल्या कुठल्याशा फायलीत होती. तिच्या जागी कुणी आलं नव्हतं आणि पट्टी कोण घेणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी मामांचं ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं बुबुळ, गेलं. सकाळी धुरकट दिसतंय असं वाटलं, त्यांनी ते धुळीवर ढकललं, दवाखान्यात पोचायला अकरा दिवस लागले. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

ती असती तर मामांचा डोळा वाचला असता, असं मी म्हणत नाही. तिचं काम अजून कच्चं होतं, त्यावरून उपचार ठरत नव्हते. माझी तक्रार वेगळी आहे. बुबुळाच्या रोपणाचा निकाल लागायला पाच, दहा, पंधरा वर्षं लागतात, आणि तो निकाल बदलण्याचं काम आपण दोन-दोन वर्षांच्या करारावरच्या माणसांकडे सोपवलं आहे. पोस्टडॉक म्हणतात ती हीच मंडळी. पीएच.डी. झालेली, हातात कसब आलेली, पण नोकरी नसलेली. नेत्रदानाबद्दल या देशात जेवढं बोललं जातं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानं तरी या गोष्टीबद्दल बोललं जावं.

25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. फेऱ्या निघतात, फॉर्म भरून घेतले जातात, मरणानंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, पंखा बंद ठेवा, पापण्या मिटवा, उशी उंच ठेवा, ही माहिती शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. चांगलंच आहे. पण हे सगळं बोलणं मरणापाशी सुरू होतं आणि ऑपरेशनपाशी संपतं. पट्टी सुटली, फोटो निघाला, बातमी छापली. त्यानंतर त्या बुबुळाचं काय झालं?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न 1985 पासून विचारला जातो. ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातून तिथली ग्राफ्ट नोंदवही चालते. देशभरातले सर्जन रोपण केलेल्या डोळ्याची माहिती तिला कळवतात आणि पुढं वर्षानुवर्षं कळवत राहतात. त्यातून दिसलं की पहिल्या वर्षाअखेर दहातली जवळजवळ नऊ ग्राफ्ट शाबूत असतात आणि पंधराव्या वर्षी निम्मीच्या आसपास उरतात. न टिकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे रिजेक्शन, शरीरानं परकं बुबुळ नाकारणं. पहिल्या वर्षाचा आकडा घेऊन थांबलं असतं तर सगळं झकास दिसलं असतं. आपल्याकडे पंधरवड्याच्या शेवटी किती डोळे जमले याचा आकडा पेपरात येतो. मागच्या पाच वर्षांत बसवलेली किती बुबुळं आज स्वच्छ आहेत, हा आकडा तुम्ही कधी वाचलाय?

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा अधांतरी राहील. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते पारदर्शक असतं. रक्त नाही म्हणून शरीराचे पहारेकरीही तिथं सहजी फिरकत नाहीत. पीटर मेडावर यांनी 1948 साली सशांवर प्रयोग करून दाखवलं की डोळ्याच्या पुढच्या पोकळीत परक्या कातडीचा तुकडाही निभावून जातो. डोळ्याला ही जी सवलत आहे, तिच्यामुळेच मूत्रपिंडासारखी जुळणी न करता कुणाचंही बुबुळ कुणालाही बसवता येतं. पण सवलत निरोगी डोळ्याला आहे. ज्या डोळ्यात जखमेनंतर शिरा घुसल्या आहेत, तिथं पहारेकऱ्यांना रस्ता तयार असतो. येताना ते आतल्या थरावर, एंडोथेलियमवर हल्ला करतात. हा थर म्हणजे बुबुळातलं पाणी सतत उपसणारे पंप. माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. पंप गेले की बुबुळ फुगतं आणि काच दुधाळ होते.

आणि इथं आपली गोष्ट युरोप-अमेरिकेहून वेगळी होते. तिकडे बुबुळ बदलायचं मोठं कारण म्हणजे म्हातारपणी आतला थर झिजणं. अशा डोळ्यात हल्ली डीमेक नावाच्या पद्धतीनं फक्त तो पापुद्रा बदलतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांत रिजेक्शन होण्याची शक्यता या पद्धतीत 1 टक्का निघाली, पूर्ण जाडीचं बुबुळ बदललेल्यांत 18 टक्के. तिकडे प्रश्न बऱ्याच अंशी सुटत आलाय. पण मामांच्या डोळ्याला पापुद्रा पुरत नाही. भातपिकाचं पातं, उसाची पात, वेल्डिंगची ठिणगी, न भरलेला अल्सर, असे शिरा भरलेले डोळे आपल्याकडे रांगेत उभे असतात. म्हणजे रिजेक्शनचा सर्वांत अवघड भाग आपल्या वाट्याला आलाय, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना तो सोडवण्याची घाई कमी होत चालली आहे.

या अवघड भागावर जिथं नेटानं काम झालं, त्यातलं एक गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गॉलवे. तिथल्या विद्यापीठातल्या गटानं 2014 साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका जातीच्या मोठ्या उंदराचं बुबुळ दुसऱ्या जातीच्या उंदराला बसवायचं आणि अस्थिमज्जेतल्या मेझेन्कायमल मूलपेशी (स्टेम सेलचा एक प्रकार) शिरेतून टोचायच्या. बुबुळं जास्त दिवस स्वच्छ राहिली. गंमत अशी की या पेशी डोळ्यात जाऊन नवं बुबुळ घडवत नाहीत. शिरेतून सोडल्या की त्या फुप्फुसात अडकतात आणि थोड्याच वेळात नाहीशाही होतात. 2016 मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांच्या गटानं उंदरांत दाखवलं की जाण्यापूर्वी त्या फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशींना वळण लावून जातात, आणि ते वळण पुढं डोळ्यापर्यंत पोचतं. लग्नात एखादी आत्या येते, दोन तास थांबते, भांडणाऱ्या दोन घरांना काहीतरी सांगून निघून जाते आणि मग कार्य सुरळीत पार पडतं, तसं काहीसं. आत्यानं नक्की काय सांगितलं, याचाच शोध चाललाय.

हे काम महत्त्वाचं का? कारण आज रिजेक्शनवर आपल्याकडे मुख्य औषध एकच, स्टेरॉइड. तेच, ज्यानं मामांची बुरशी वाढवली होती. बाटली हलवून घ्यायची, नाहीतर दुधासारखं औषध तळाशी राहतं आणि वरचं पाणीच डोळ्यात जातं (हे मामांना कुणी तिसऱ्या महिन्यात सांगितलं). वर्षानुवर्षं टाकलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. शरीराला एकदाच समजावता आलं, रोज धाक दाखवावा लागला नाही, तर खेड्यातल्या पेशंटला त्याचा अर्थ वेगळाच होईल. सहा-सहा ड्रॉप वेळेवर टाकायला घरात दुसरं माणूस लागतं. ते शेतावर गेलेलं असतं.

पण उंदीर ते माणूस हे अंतर एका फेलोशिपमध्ये कापलं जात नाही. गॉलवेच्या पुढाकारानं 2014 साली युरोपीय संघाच्या पैशावर व्हिसिकॉर्ट नावाचा प्रकल्प सुरू झाला, अनेक देशांतले दवाखाने आणि प्रयोगशाळा त्यात होत्या. रोपण झालेल्या माणसांचे नमुने ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि कुणाचं शरीर कधी बिथरतं हे शोधायचं, हा त्याचा एक भाग. मामांच्या पट्टीचं हेच मोठं रूप. तिकडेही पोस्टडॉकचे करार दोन-तीन वर्षांचेच असतात, तिकडची पोरंही त्याबद्दल कुरकुरतात. त्यामुळे परदेशात सगळं गोजिरं आहे असं समजू नका. फरक इतकाच की माणूस गेला तरी नमुन्यांचं कपाट, नोंदी आणि पुढच्या माणसाची जागा शिल्लक राहील एवढी व्यवस्था तिथं असते.

आपल्याकडे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची. 2023 मध्ये वाढ झाल्यावर रिसर्च असोसिएटला (पीएच.डी.नंतरच्या करारावरच्या संशोधकाला) पहिल्या पायरीवर महिन्याला 58,000 रुपये ठरले. रक्कम वाईट नाही, ती वेळेवर येत नाही हे वाईट. फेलोशिप महिनोन्महिने अडकल्याच्या बातम्यांना आता कुणी बातमीही समजत नाही. पहिले सहा महिने प्राण्यांवरच्या प्रयोगाची आणि नीतिसमितीची परवानगी मिळवण्यात जातात, शेवटचे सहा महिने पुढची नोकरी शोधण्यात. मधल्या एका वर्षात काय होणार? ज्याचं उत्तर वर्षभरात मिळेल, असाच प्रश्न माणूस निवडणार. मला हे सर्वांत जास्त खुपतं. करार प्रश्नाला बेतला जात नाही, प्रश्नच करारात बसेल एवढा कापला जातो. देश सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 0.64 टक्के संशोधनावर खर्च करतो, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या तुटपुंज्या पैशातही किती पैसा अशा अर्ध्यावर सुटलेल्या नळ्यांवर जातो, हे कुणी मोजत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, आधी डोळे तरी मिळू द्या. जगभरात 1 कोटी 27 लाख लोक बुबुळासाठी थांबलेत आणि गरज 70 असेल तर मिळतं 1, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत दिसलं. एवढी टंचाई असताना कसलं संशोधन घेऊन बसलात? मला हे उत्तर उलटं वाटतं. मामांचं ग्राफ्ट गेलं तेव्हा ते पुन्हा रांगेत गेले. एका माणसाला आता दोन बुबुळं लागणार, आणि दुसरं टिकण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कमी, कारण शरीर एकदा शिकलेलं आहे. रिजेक्शन थांबवणं हा टंचाईवरचाच इलाज आहे. गळक्या बादलीत पाणी कमी पडतंय म्हणून नुसता नळ मोठा करून भागत नाही.

दुसरं उत्तर, तिकडे शोध लागला की आपण विकत घेऊ. याला मी एकच उदाहरण देतो, आणि ते चुन्याचं आहे. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोत्स इथं, आजच्या चेक प्रजासत्ताकात, एडुआर्ड झिर्म यांनी जगातलं पहिलं यशस्वी बुबुळ रोपण केलं. पेशंट अलोइस ग्लोगार हा मजूर, दोन्ही डोळे चुन्यानं भाजलेला. एका डोळ्याचं ग्राफ्ट टिकलं, दुसऱ्याचं नाही. आज आपल्याकडे चुन्यानं भाजलेले डोळे येतात ते बऱ्याचदा लहान मुलांचे. घरातल्या तंबाखूसोबतची चुन्याची पुडी पोर दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. अशा डोळ्यात बुबुळाच्या कडेला, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर असणाऱ्या मूलपेशी मरतात. त्या मेल्या की वरून कितीही चांगलं बुबुळ शिवा, त्यावर नवी त्वचा धरत नाही.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी 1997 साली या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यात बसवून दाखवल्या. त्यावरून तयार झालेल्या होलोक्लार या उपचाराला युरोपात 2015 साली मान्यता मिळाली. मूलपेशींचा युरोपात मान्यता मिळालेला तो पहिला उपचार. पेशंटच्या डोळ्याचा तुकडा इटलीतल्या मोडेनाच्या कारखान्यात पाठवायचा, तिथं वाढवायचा, परत आणायचा. हे आपल्याला कधी परवडणार? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 साली स्लेट ही पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे, भाजलेल्या डोळ्यावर गर्भाभोवतीच्या वेष्टणाचा पापुद्रा अंथरून त्यावर ते कण रोप लावावं तसे पेरायचे आणि जैविक गोंदानं चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात. प्रयोगशाळा नको, विमान नको. हे सुचायला आधी दहा-बारा वर्षं त्याच संस्थेत पेशी वाढवण्याचं महागडं काम चालू असावं लागलं. महाग पद्धत हाताखालून गेली म्हणून तिच्यातलं काय टाकता येईल हे कळलं. विकत घेणाऱ्याला हे कळत नसतं.

आणि स्लेटचंही घोडं अडतं ते याच ठिकाणी. दोन्ही डोळे भाजले असतील तर तुकडा दुसऱ्याचा घ्यावा लागतो. दुसऱ्याचा म्हटलं की नाकारणं आलं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आल्या, सात वर्षांच्या पोराला त्या किती दिवस द्यायच्या हा प्रश्न आला.

मूलपेशी म्हटलं की काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. बरोबर आहे, या शब्दाचा बाजार झालाय. गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळ्यावर स्टेम सेल विकणारे बोर्ड आपल्या शहरांतही दिसतात. फ्लोरिडात पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली, हे 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यासाठी त्यांनी पैसेही मोजले होते. पण अशा दुकानांना जागा मिळते ती खरं संशोधन रेंगाळल्यामुळे. वर्षानुवर्षं उंदरांवरच थांबलेल्या शास्त्राला पेशंट कंटाळतो आणि उद्याची अपॉइंटमेंट देणाऱ्याकडे जातो.

गॉलवेची कल्पना उद्या माणसात फसेल, हे शक्य आहे. उंदरात जमलेलं माणसात न जमणं हा वैद्यकाचा रोजचा अनुभव. तरी फसलं हे नीट कळायलाही कुणीतरी पाच-सात वर्षं त्याच खुर्चीत बसलेलं लागतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथून एसटीच्या एका दिवसाच्या अंतरात उसाच्या पातीनं गेलेले शेकडो डोळे आहेत. दोन्हींच्या मध्ये उभं राहणारं, दवाखान्यात पट्टी घेणारं आणि प्रयोगशाळेत ती वाचणारं माणूस कमी आहे. अशा माणसाला पाच वर्षांची खात्री द्या, तपासण्या ठरवून द्या, नमुने संस्थेच्या नावावर ठेवा, आणि नेत्रपेढीला मिळणाऱ्या अनुदानात बसवलेल्या बुबुळाची पाच वर्षांची नोंद ठेवण्याची अट घाला. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. जमा झालेल्या बुबुळांतला मोठा वाटा रोपणाच्या लायक नसतो. तो संशोधनाला रीतसर मिळाला पाहिजे, आणि फॉर्म भरून घेतानाच घरच्यांना तसं सांगितलं पाहिजे. लोक नाही म्हणत नाहीत. विचारलंच जात नाही.

मागच्या महिन्यात मामांना घेऊन पुन्हा गेलो होतो. दुसऱ्या रोपणाच्या यादीत नाव आहे. खिशातून त्यांनी जुनं कार्ड काढलं, घडीवर फाटलेलं, त्यावर त्या मुलीच्या अक्षरातली तारीख. काउंटरवरच्या पोराला म्हणाले, "अरे बाळा, माझं पाणी ठेवलंय इथं एका नळीत. बघ जरा, हाय का अजून." पोरानं कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं, मग नंबर घातला, मग आतल्या कुणाला तरी फोन लावला. फ्रीजर आहे, म्हणाला, पण यादी त्या मॅडमच्या लॅपटॉपवर होती.